तो, मी, समुद्र आणि एक बादली पाणी

"आई, एका स्टोरीसाठी मालवणला चाललेय. चार दिवस. हो, हेपण येताहेत... गाडी चालवायला."

फोन ठेवला तेव्हा बॅग भरणारा नवरोबा थांबून माझ्याकडे बघत होता. (आईशी बोलताना तो 'हे' असतो, एरवी 'अरे'.)

"गाडी चालवायला?"

"मग काय सांगू? बीचवर लोळायला चाललोय म्हणून?"

आता तुम्ही म्हणाल, अठ्ठावीस वर्षांची बाई, मास कॉमची डिग्री घेतलेली, लग्नाला तीन वर्षं झालेली, आणि स्वतःच्या नवऱ्याबरोबर फिरायला जायचं तर आईशी खोटं बोलते? बोलते, बॉस! कारण मी वडूजची आहे. आमच्याकडे माणूस देवाला जातो, लग्नाला जातो, मयतीला जातो, गलाईच्या धंद्यापायी पार परमुलखात जाऊन राहतो. पण नुसतंच कुठेतरी जाऊन बसायचं? आणि बसण्याचे पैसे द्यायचे? ही आयडिया अजून आमच्या गल्लीत पोचायची आहे. सुट्टी म्हणजे गाव, एवढा साधा हिशेब. आणि मे महिन्यातली सुट्टी म्हणजे तर माहेर. त्या चार दिवसांवर आईचा हक्क होता आणि मी ते चोरून समुद्रावर नेत होते.

ज्यांना वडूज माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. साताऱ्याहून कोरेगाव, पुसेगाव करत पूर्वेला यायचं. पश्चिमेचे डोंगर ढगांकडून आपला हिस्सा वसूल करून घेतात आणि उरलंसुरलं आमच्याकडे पाठवतात. खटाव तालुक्याचं हे मुख्य गाव येरळा नदीच्या काठी आहे. नदी आहे म्हणजे पाणी आहे असा गैरसमज मात्र करून घेऊ नका. २०१२-१३ च्या दुष्काळात मी दहावीला होते. शेजारच्या माण तालुक्यात जनावरांच्या छावण्या लागल्या होत्या आणि आमच्याकडे टँकरचा हॉर्न वाजला की पुस्तक टाकून हंडा घेऊन पळायचं. भाज्या धुतलेलं पाणी झाडाला, कपड्यांचं पाणी अंगणाला, आणि आंघोळीला एक बादली. अर्धी मिळाली तरी तक्रार नाही. आता जिहे-कठापूर योजनेतून कृष्णेचं पाणी खटाव-माणकडे येऊ लागलंय, पण सवयी इतक्या लवकर बदलत नाहीत. पुण्यात आमच्या फ्लॅटमध्ये नवरोबा दाढी करताना नळ सुरू ठेवतो तेव्हा मी आजही बाहेरून ओरडते.

एका फ्लॅटमधले दोन पेइंग गेस्ट

तर हा प्रवास ठरला कसा? एका रविवारी मी सहज आमचे दोघांचे महिन्याभरातले मेसेज वर सरकवत वाचले. 'दूध संपलंय.' 'गॅसवाला येऊन गेला.' 'मेंटेनन्स भरलास का?' 'भरला.' बस्स. तीन वर्षांपूर्वी हेच दोघं रात्री दोन-दोन वाजेपर्यंत फोनवर बोलत होते, आणि तरी सकाळी उठल्यावर सांगायचं काहीतरी उरायचंच.

भांडण नव्हतं. ते असतं तर बरं, निदान बोलणं तरी झालं असतं. त्याचा क्लायंट अमेरिकेत, त्यामुळे त्याचा दिवस दुपारी सुरू होऊन रात्री तीनला संपतो. मी फ्रीलान्सर, म्हणजे सकाळी सातला एक डेडलाइन आणि संध्याकाळी दुसरी. तो झोपलेला असताना मी उठते आणि मी झोपल्यावर तो लॅपटॉप बंद करतो. एका वन बीएचकेमध्ये राहणारे दोन पेइंग गेस्ट म्हणा ना!

मग मी फर्मान काढलं. ब्रेक हवा. साधासुधा नाही, बेटच पाहिजे! चारही बाजूंनी पाणी, मध्ये आम्ही दोघं, लॅपटॉप नाही, नातेवाईक नाहीत. मैत्रिणींचे मालदीवचे फोटो बघून डोळे दिपले होतेच. तिथल्या पाण्यावरच्या लाकडी खोलीचं एका रात्रीचं भाडं पाहिलं आणि डोळे पुन्हा ताळ्यावर आले. तेवढ्यात आमचा घराचा हप्ता जातो. शेवटी बजेटमध्ये बसलं ते मालवणजवळचं देवबाग. बेट नव्हे, पण बेटाच्या अगदी जवळपास. तारकर्लीहून पुढे जमिनीची एक चिंचोळी पट्टी दक्षिणेकडे निघते. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी, आणि टोकाला दोघांचा संगम. मधल्या वाळूत माड, घरं आणि घरांतून पाहुण्यांसाठी काढलेल्या खोल्या. आमची खोली एका काकींच्या घरात होती. पुढच्या दारी लाटा, मागच्या दारी माडांची वाडी आणि विहीर.

पुण्याहून निघालो. साताऱ्याला कोरेगावकडे जाणारा फाटा दिसला आणि पोटात कालवलं. डावीकडे वळलो असतो तर दुपारच्या जेवणाला घरी! मी काही बोलले नाही. नवरोबाही सरळ कोल्हापूरकडे बघत राहिला. राधानगरी गेलं, फोंडा घाट उतरला, कणकवली आली. हवा दमट झाली, माती लाल झाली. मी अजून साताऱ्याच्या फाट्यावरच होते.

पहिली संध्याकाळ

काकींनी आल्या आल्या सोलकढी दिली. रात्री सुरमईची तुकडी, तिरफळ घातलेली बांगड्याची आमटी, भात. लाटांचा आवाज खिडकीपर्यंत येत होता. ब्रोशरमध्ये असतं तस्सं सगळं. फक्त सूर्यास्ताला मी किनाऱ्यावर एकटी होते. कारण साहेब व्हरांड्यात लॅपटॉप उघडून 'फक्त वीस मिनिटांच्या' कॉलवर होते. ती वीस मिनिटं दीड तास चालली.

परत आले तेव्हा माझा पारा चढलेला. "तू इथेही ऑफिसातच आहेस."

त्यानं लॅपटॉप मिटला. आवाज चढवला नाही. तो चढवतच नाही, हीच तर पंचाईत आहे. "आणि तू? दुपारपासून तीनदा म्हणालीस, आईशी खोटं बोलायला नको होतं. मी ऑफिसात असेन, तर तूही वडूजमध्येच आहेस."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही पाठीला पाठ लावून झोपलो. समुद्र रात्रभर बोलत होता. खोलीत बोलणारं दुसरं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं की आता एन्जॉय करायचंच. आपण ऑफिसवाले सुट्टीसुद्धा टार्गेट असल्यासारखी करतो, नाही का? तशीच माझी यादी तयार होती. सकाळी स्कूबा डायव्हिंग. मग होडीतून संगम आणि नदीच्या मुखावरचा तो वाळूचा पट्टा, ज्याला सगळे 'त्सुनामी आयलंड' म्हणतात. दुपारी कोंबडी-वडे. संध्याकाळी पुन्हा समुद्र. प्रत्येक ठिकाणी फोटो. फोटोत दोघंही हसतोय. फोटो काढून झाला की तो फोन बघतोय आणि मी फोटो बघतेय.

आणि प्रत्येक वेळी पाण्यातून आलं की शॉवर! अंगावरचं मीठ आणि वाळू जाईपर्यंत, आणि ती गेल्यावरही. सकाळी एकदा, दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा. वर वाळूचे कपडे भरभरून धुतले ते वेगळेच. आयुष्यात पहिल्यांदा मी नळाखाली काहीही न मोजता उभी होते. डोक्यात बादली नाही, टँकर नाही. समोर अख्खा अरबी समुद्र असताना पाण्याला काय तोटा?

साबणाला फेस का येईना?

तिसऱ्या दिवशी सकाळी हात धुताना साबणाला फेस येईना. मी दोनदा चोळला. तिसऱ्यांदा चोळताना आठवलं, हा साबण मला ओळखीचा आहे. वडूजला बोअरच्या पाण्यात तो असाच गुळगुळीत फिरत राहतो. चूळ भरून बघितली. पाणी मचूळ. एवढ्यात नवरोबा व्हरांड्यातून ओरडला, "अगं, चहा खारट लागतोय का गं?"

काकी रागावल्या नाहीत. त्यांनी मला मागच्या दारी विहिरीपाशी नेलं. "काल पंप तीन वेळा लावचो लागलो, बाय. आमची बाव गोडी आसा. रोज थोडा थोडा पाणी काढलास तर बारा महिने गोडा. एकदम उपसलास तर खालसून खारा वर येता."

पंप कुणासाठी लावावा लागला हे विचारायची गरज नव्हती. मला विहिरीत तोंड लपवावंसं वाटलं.

पत्रकार असल्यामुळे नंतर मी वाचून काढलं. तर काकींचं म्हणणं अगदी शास्त्रशुद्ध निघालं. अशा वाळूच्या पट्टीखाली समुद्राचं पाणी सगळीकडून आत शिरलेलं असतं. पावसाळ्यात वाळूत मुरलेलं गोडं पाणी वजनानं हलकं, म्हणून ते खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. पुस्तकी हिशेब असा की समुद्राच्या पातळीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल, तर खाली साधारण चाळीस फूट गोडं पाणी असतं. वरचं ते एक फूट ओरबाडून काढलं की खालचा खारा समुद्र वर सरकतो. म्हणजे सगळा तोल त्या वरच्या एका फुटावर!

आणि ही गोष्ट एकट्या देवबागची नाही. ज्या मालदीवसाठी मी झुरत होते, तिथल्या बेटांखालीही असाच गोड्या पाण्याचा पातळ थर असतो. राजधानी माले तर समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्रकल्पावर जगते. डिसेंबर २०१४ मध्ये त्या प्रकल्पाला आग लागली आणि शहर तहानलं, तेव्हा भारतानं विमानं आणि नौदलाची जहाजं भरून पाणी पाठवलं होतं. २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी गेलं ते आपल्याला पाठ आहे, पण फोटोतल्या त्या निळ्याशार स्वर्गात विमानानं पाणी न्यावं लागलं होतं, हे मला कुणा मैत्रिणीनं सांगितलं नव्हतं.

पण हे सगळं नंतरचं. त्या क्षणी मी विहिरीपाशी उभी होते आणि विचारत होते, "काकी, आता काय करायचं?"

"काय करुचा नाय. दोन दीस तिका इसाव देवक व्हयो. मगे आपसूक गोडी जातली."

नवरोबाचा चेहरा पडला. "गोडी जाईल? कायमची?"

काकी पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मालवणीत 'जातली' म्हणजे 'होईल'. विहीर विसावली की आपोआप गोड होईल, असं त्या सांगत होत्या. आम्ही घाटावरची माणसं, आम्ही बरोब्बर उलटा अर्थ लावला!

आणि मग तो माझ्याकडे वळून म्हणाला, "वडूजच्या पोरीनं समुद्रकिनारी दुष्काळ पाडला!"

मी हसले. तोही हसला. फोटोत हसतो तसं नाही, पोट धरून, पायरीवर बसून. हे किती महिन्यांनी होत होतं, याचा हिशेब नंतर कधीतरी करू.

तीन गोड विहिरी

त्या दिवशी पंप बंद. काकींनी वाडीच्या दुसऱ्या टोकाला असलेली शेजाऱ्यांची विहीर दाखवली. दोर, कळशी आणि दोघांत मिळून दोन बादल्या. नवरोबानं जन्मात दोर ओढला नव्हता. पहिली कळशी अर्धी वाटेतच सांडली. दुसरीला मी त्याचे हात धरून दाखवलं, दोर कसा एकसारखा ओढायचा, मध्ये झटका द्यायचा नाही. एक बादली पाण्यात स्वच्छ आंघोळ कशी करायची याचा क्लासही मी घेतला. फी म्हणून त्यानं दिवसभर फोन बॅगेत ठेवला.

स्कूबा नाही, यादी नाही. दुपारनंतर मालवणच्या जेट्टीवरून होडी करून सिंधुदुर्ग किल्ल्यावर गेलो. हे मात्र खरंखुरं बेट. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी या किल्ल्याचा पाया घातला आणि तीनेक वर्षांत समुद्रात तटबंदी उभी राहिली. आत महाराजांचं मंदिर आहे, ते राजाराम महाराजांनी बांधलेलं. हे सगळं शाळेच्या पुस्तकात होतं. पण पुस्तकात वाचून जे कळलं नव्हतं ते तिथे उभं राहून कळलं. या बेटावर तीन गोड विहिरी आहेत. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. नावं ऐका! चारही बाजूंना नजर पोचेल तिथवर खारं पाणी, आणि मध्ये माणसांनी पाण्याला दूध, दही, साखर म्हटलंय. दुष्काळी भागातल्या माणसाला या नावांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. तट कितीही जाड बांधा, आत पाणी गोडं नसेल तर किल्ला चार दिवस लढणार नाही.

तटावर बसलो होतो. खाली लाटा आपटत होत्या. आणि मी न विचारता तो बोलायला लागला.

"टीममधल्या चौघांना काढलं. दोन महिने झाले. पाचवा मी नसावा म्हणून रात्री दोनलासुद्धा उत्तर देतो."

"आणि हे तू मला आत्ता सांगतोयस?"

"कधी सांगणार? मी मोकळा होतो तेव्हा तू झोपलेली असतेस. तुला उठवून हे सांगायचं?"

मग मीही सांगितलं. एका ठिकाणचे माझे पाच महिन्यांचे पैसे अडकलेत. ते त्याला कळू नये म्हणून मी जास्तीची कामं घेत होते आणि रविवारीही लिहीत होते. म्हणजे दोघंही एकमेकांना काळजी नको म्हणून गप्प होतो, आणि त्या गप्प बसण्यानंच घरातलं पाणी मचूळ होत चाललं होतं. शेवटची होडी चुकेल म्हणून नावाडी हाका मारायला लागला, तरी आमचं संपेना. नोकरी गेली तर किती महिने पुरेल, हप्ता कसा भरायचा, गाडी विकायची का? सुट्टीवर बोलायचे विषय आहेत का हे? पण खरं सांगते, पूर्ण ट्रिपमध्ये तेवढे निवांत आम्ही दुसऱ्या कुठल्याच वेळी नव्हतो.

आईचा फोन

रात्री विहिरीच्या कठड्याशी बसून मी आईला फोन लावला. एक ओझं उतरलं होतं, दुसरंही उतरवायचं होतं.

"आई, खोटं बोलले तुझ्याशी. स्टोरी-बिरी काही नाही. आम्ही दोघं असंच आलोय. फिरायला."

पलीकडे क्षणभर शांतता. मग, "आगं मग आधी सांगायचं की. मी काय नगं म्हणले असते व्हय?"

"तसं नाही गं..."

"पाणी गोडं हाय का तिथलं?"

समुद्र कसा आहे, खोली केवढ्याची, जेवण कसलं, काही नाही. पहिला प्रश्न पाण्याचा! माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "गोडं हाय आई. पण जपून वापरायला लागतंय."

"मग आपल्यासारखंच हाय की." आणि मग आवाज बारीक करून, "आम्हीबी गेलो हुतो. लग्नानंतर. तुझ्या आज्जीला सांगितलं शिखर शिंगणापूरला देवाला जातोय, आन् महाबळेश्वर बघून आलो. दोनच दिस. तुझ्या बापानं घोड्यावर बसवलं हुतं मला."

माझी आई! घोड्यावर! अठ्ठावीस वर्षांत ही बातमी माझ्यापर्यंत आली नव्हती, आणि म्हणे मी पत्रकार.

निघायच्या दिवशी सकाळी काकींनी चहा आणला. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघत पहिला घोट घेतला. अजून किंचित फरक होता, पण चहा चहासारखा लागत होता. "जातली, जातली," नवरोबा गंभीरपणे म्हणाला.

परतताना साताऱ्याला तो फाटा पुन्हा आला. या वेळी उजवीकडे होता. नवरोबानं न विचारता इंडिकेटर दिला. एका रात्रीपुरतं का होईना, वडूजला गेलो. आईला मालवणी खाजाचा पुडा दिला. बाबांसमोर घोड्याचा विषय काढला. ते उठून अंगणात निघून गेले.

आता पुण्यात काय बदललं? शिफ्ट तीच आहे, क्लायंट तोच आहे, माझे पैसे अजून पूर्ण आलेले नाहीत. पण तो लॉगइन करण्याआधी आम्ही रोज एक चहा एकत्र घेतो. पंधरा-वीस मिनिटं, फोन आत ठेवून. काही दिवस नुसतं दूध आणि गॅसबद्दलच बोलणं होतं, तर होऊ दे. तीन वर्षं काहीच काढायचं नाही आणि चार दिवसांत सगळं उपसायला जायचं, याचं काय होतं ते आम्ही साबण चोळून पाहिलंय. त्यापेक्षा रोजची एक कळशी बरी.

आणि हो, आई, हा अंक तुझ्या हातात पडेल तेव्हा एक लक्षात घे. स्टोरीसाठीच गेले होते. ही बघ, छापून आली.